खिंडीतला सेनापती

भावाला मी डायलिसिसला घेऊन गेले की शेजारच्या दोन खाटांवरचं भांडण कानावर पडतंच. सामंतकाकांनी जादूगार आणि राजघराण्यांची एक जाडजूड कादंबरीमाला वाचली आहे. पलीकडच्या सायलीने त्या कादंबऱ्यांवरची टीव्ही मालिका पाहिली आहे. मालिका केव्हाच संपली. कादंबरीचा शेवटचा खंड मात्र म्हाताऱ्या लेखकाने अजून लिहिलेलाच नाही.

"तुमच्या मालिकेनं सेनापतीचा पार विदूषक केला," काका म्हणतात.

"निदान आमची गोष्ट पुरी तरी झाली. तुमचा सेनापती अजून खिंडीतच उभा आहे."

"असू दे उभा. शेवट सांगू नकोस हं. मी पुस्तकातच वाचणार."

या हट्टाची मला चीड यायची. शेवट कुठूनही कळला तरी काय बिघडतं? मग एकदा लक्षात आलं, या खोलीत पुढच्या वर्षाचं कुणीच बोलत नाही. आम्ही परवाच्या पाळीपर्यंतच बोलतो. पुढच्या वर्षी खंड येईल, असं म्हणणारे एकटे काकाच.

आज ते आल्यापासून गप्प होते. हाताला सुया टोचून झाल्या, मशीन घरघरू लागलं. मग त्यांनी मान वळवली.

"सायली, सांगून टाक गं. सुटतो का तो खिंडीतून?"

एरवी शेवट सांगायला टपलेली ती पोरगी छताकडे बघत राहिली.

"मालिकेतलं काही खरं नसतं, काका," ती म्हणाली. "पुस्तक येऊ दे."