तुळजाबाईंना आवडलेला बँड

शेत गेलं तसं संपतरावांना सकाळी करायला काही उरलं नाही. बाणेरच्या त्या रानात आता काचेची इमारत उभी होती, आणि तिथं काम करणारा अमरावतीचा सुदर्शन त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहत होता. सकाळी तो मोठ्यानं इंग्रजी गाणी लावायचा. खाली खाटेवर संपतरावांची बायको तुळजाबाई पडून असे. अर्धांगवायूनं तिचं एक अंग आणि वाचा, दोन्ही गेलेली.

"आवाज कमी कर म्हणून सांगून येतो," म्हणत संपतराव उठले, तर तुळजाबाईंनी त्यांचा सदरा धरला. मान हलवली. नको. दुखण्यात पडल्यापासून तिनं काही हवं-नको सांगितलं, ते पहिल्यांदाच.

संपतराव टेपच खाली घेऊन आले. मागोमाग सुदर्शन.

"काका, हा बँड इथे कुणाला माहीत नाही. मलाही नव्हता. डेक्कनला कव्हर आवडलं म्हणून कॅसेट उचलली. 'द टिन ऑर्चर्ड' नाव आहे."

"ही गानारी बाई काय म्हनती?"

"नवरा बोटीवर गेलाय. त्याला घरातलं सांगतेय. दूध नासलं, मांजर व्यालं, असलंच."

संपतरावांनी ते बायकोला सांगितलं. ती अर्ध्या तोंडानं हसली.

उभ्या संसारात कामापुरतं बोललेला हा माणूस. पण त्या दिवसापासून कॅसेट संपली की तो खाटेशी बसायचा आणि घरातलं, गल्लीतलं सगळं तिला सांगायचा. ती डोळे मिटून ऐकायची.

पुढं कंपनीनं सुदर्शनला अमेरिकेला पाठवलं. जाताना त्यानं टेप आणि कॅसेट इथंच ठेवली. त्याच थंडीत तुळजाबाई गेली.

वर्षश्राद्ध उरकल्यावर संपतराव लक्ष्मी रस्त्यावरच्या कॅसेटच्या दुकानात गेले.

"भजनं पलीकडे मिळतात," दुकानदार त्यांच्यावर एक नजर टाकून म्हणाला.

"भजन न्हाय. ह्या लोकांचं आनखी काय हाय का, बगा."

संपतरावांनी पुढं केलेल्या कॅसेटचं कव्हर दुकानदारानं उलटसुलट पाहिलं. मग खालच्या कप्प्यातून एक कॅसेट काढून फुंकली. "यांची आधीची आहे. आजवर कुणी विचारली नाही." त्यानं ती लावली.

तोच आवाज, जरा कोवळा. संपतराव काउंटरला धरून उभे राहिले.

"बंद करा," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"आवडली नाही?"

"हे तिनं ऐकलं नव्हतं."

दुकानदारानं कॅसेट बंद केली. स्टूल पुढं सरकवलं, पाणी दिलं.

दुपारी संपतरावांनी ती कॅसेट घरी आणून लावली, दोन्ही बाजू शेवटपर्यंत. सून तेजस्विनी चहा घेऊन आली, तेव्हा टेप केव्हाचा थांबला होता.

"कशी आहेत गाणी, मामंजी?"

"चांगली हायेत," ते म्हणाले. "पर तिला सुदर्शनची ती पयलीच कॅसेट आवडली असती."