धनज ते मेडशी: जर्मनीहून आलेली वैभवची फीत

या ब्लॉगवर मी आजवर देवदर्शनाचेच प्रवास लिहिले. कुठं उतरायचं, भक्तनिवास कसा आहे, किती रुपयांत पोटभर जेवण होतं, हेच. हा प्रवास तसा नाही. धनज ते मेडशी, आमच्याच वाशिम जिल्ह्यातला, सकाळी निघून दुपारी पोचण्याचा. मेडशीला मुद्दाम कोणी पाहायला जात नाही. तरी लिहिते, कारण त्या दिवसापासून दुसरं काही लिहायला बसताच येत नाही.

माझी मोठी बहीण कुसुमताई मेडशीला दिलेली. तिचा एकुलता एक वैभव जर्मनीत इंजिनीअरिंगचं पुढचं शिकायला गेला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बर्फ पडलेल्या रस्त्यानं सायकलवर चालला होता, घसरून ट्रकखाली गेला. बारा दिवसांनी पेटी आली. उघडली तेव्हा डाव्या गालावर, डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत, एक भरून आलेली खूण होती. ताई रडायची थांबली. म्हणाली, "हा घाव जुना हाये. माह्या पोराले तिथं मारत होते." डॉक्टरांचे कागद, पोलिसांचे कागद, कशानंही तिचं मन फिरलं नाही. भिंतीवरच्या फोटोला तिनं वर्षभर हार घालू दिला नाही.

त्या खुणेचं मला माहीत होतं. आदल्या ऑक्टोबरात वैभवनं मला व्हिडिओ कॉल केला, गालावर ताजे टाके. म्हणाला, "मावशी, इथल्या मंडळात अशी रीत असते, मी राजीखुशीनं केलं. आईले सांगू नको, ती मले वापस बोलावन." मला कारंज्याच्या गुरुमहाराजांची शपथ घालून फोन ठेवला. त्यानंतर चार महिने ताईशी तो नुसत्या आवाजावर बोलला, क्यामेरा बिघडला म्हणून. मला मात्र त्यानं आणखी दोनदा तोंड दाखवलं. ती मला विचारायची. मी म्हणायची, नेटवर्क नसन. तो गेल्यावर सांगायला हवं होतं. पण मेलेल्या पोराची शपथ मोडायची कशी, या विचारात महिना गेला, दुसरा गेला, आणि मग आता कोणत्या तोंडानं सांगायचं असं झालं.

डिसेंबरात माझ्या मुलीला, अस्मिताला, योनास नावाच्या मुलाचा मेसेज आला. वैभव विद्यार्थ्यांच्या ज्या मंडळाच्या घरात राहायचा तिथला. तो जानेवारीच्या शेवटी मुंबईला येणार होता, आणि वैभवची मंडळातली रंगीत फीत त्याच्या आईच्या हातात द्यायची म्हणत होता. मी आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी अस्मिता म्हणाली, "आई, तो तिकीट काढून बसला, काहून टाळतं?" मग हो म्हणावं लागलं.

योनास बडनेऱ्याला रेल्वेनं उतरला आणि एसटीनं संध्याकाळी आमच्याकडे आला. सहा फुटांहून उंच, दाराला डोकं लागलं त्याचं. पायातले बूट न सांगता बाहेर काढले आणि मला "मावशी" म्हणाला. हा शब्द त्याला वैभवनं शिकवला होता. त्याच्याही डाव्या गालावर तशीच एक रेघ होती. मी जेवण वाढताना तिकडे पाहिलं नाही.

सकाळी सात वाजता आम्ही तिघं निघालो. दशम्या आणि ठेचा घरूनच बांधला. सोबत परदेशी पाहुणा असेल तर बाटलीबंद पाणी घ्या, त्यात काटकसर करू नका, पोट बिघडलं तर त्याहून जास्त जातात. धनजहून कारंजा, तिथून शेलूबाजारावरून मालेगाव, आणि मालेगावहून मेडशी अशा तीन गाड्या कराव्या लागतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे दोघींचं मिळून योनासच्या एकट्याएवढंच झालं. कंडक्टरनं त्याच्याकडे पाहत अस्मिताला विचारलं, "पाव्हना हाये का जवाई?" ती म्हणाली, "पाव्हनाच राहू द्या, काका."

कारंज्याला पाऊण तास होता म्हणून गुरुमंदिरात गेलो. मी गाभाऱ्यासमोर बसून मनात म्हटलं, तुमची शपथ आहे, तुम्हीच सोडवा. काही कौल मिळाला नाही. माझ्या मागे रांग होती, पुजाऱ्यांनी उठायला सांगितलं.

कारंजा ते मालेगाव रस्ता आता बरा आहे. दोन्हीकडे हरभरा, मधे कापायला आलेली तूर. अस्मिताच्या पलीकडे बसून योनास बोलत होता आणि ती मला सांगत होती. त्यांचं मंडळ दीड-दोनशे वर्षांचं. एका मुलखातून शिकायला आलेली पोरं एकत्र राहायची, त्यातून निघालेलं. प्रत्येक मंडळाचे रंग वेगळे, त्याच रंगांची फीत छातीवर तिरपी बांधायची, डोक्याला टोपी. यांची फीत हिरवी, पांढरी, काळी. नवा आलेला मुलगा 'फुक्स', म्हणजे कोल्हा. त्यानं जुन्यातला एक जण थोरला भाऊ म्हणून निवडायचा. वैभवनं योनासला निवडलं होतं. शिकून नोकरीला लागलेले म्हातारे लोक मरेपर्यंत पैसे देतात, त्यावर ते घर चालतं, म्हणून खोली स्वस्त. वैभव आधी खोलीसाठीच गेला होता.

"बायका असतात का?" अस्मितानं विचारलं.

नसतात म्हणाला.

"मंग मी नाई चालली असती," अस्मिता मला म्हणाली.

मग तो खाली मान घालून एक गोष्ट बोलला. एका काळी त्यांच्याच लोकांनी आपल्यातल्या ज्यू पोरांना काढून टाकलं. फिती परत घेतल्या. पुढे हिटलरच्या राज्यात यांचं मंडळच बंद पडलं. आजही काही मंडळं परदेशी मुलगा घेत नाहीत. यांच्याकडे वैभवला घेताना मतं पडली होती, दोन विरुद्ध गेली. मला पंगतीतून उठवलेली माणसं आठवली. आपल्याकडेही ते फार जुनं झालेलं नाही.

शेलूबाजारला गाडी दहा मिनिटं थांबते. चहा दहा रुपये, कचोरी गरम असेल तरच घ्या. तिथं योनासनं पाकिटातून एक फोटो काढला. वैभव, गालावर टाके, शर्टावर रक्ताचे डाग, आणि हसत होता.

"आई, हे का झालं दादाच्या गालाले?" अस्मितानं कप खाली ठेवला.

योनासनं सांगितलं. त्याला ते 'मेन्झूर' म्हणतात. दोन वेगळ्या मंडळांची पोरं हातभर अंतरावर समोरासमोर उभी राहतात, हातात धारदार तलवार. डोळ्यांवर लोखंडी चष्मा, गळा, छाती, हात बांधलेले. गाल आणि डोकं उघडं. मागं सरकायचं नाही, मान हलवायची नाही. हरलं-जिंकलं असं काही नसतं, न हलता उभा राहिला एवढंच पाहतात. डॉक्टर तिथंच असतो, तिथंच टाके घालतो. हा फोटो तो वैभवच्या आईसाठी आणत होता. आईला अभिमान वाटेल असं त्याला वाटत होतं.

"मावशीनं पाहिला हा फोटो?" अस्मितानं मला विचारलं.

"नाई."

"तुले माहीत होतं?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. योनासला आमची भाषा कळत नव्हती, पण तो माझ्याकडे पाहून इंग्रजीत हळूच काही बोलला. अस्मितानं बऱ्याच वेळानं मला सांगितलं. वैभव त्याला म्हणाला होता, मावशीनं पाहिलं, रडली, मग हसली.

मालेगावपर्यंत पोरगी माझ्याशी बोलली नाही. मालेगावला मेडशीची गाडी नुकतीच गेली होती, काळीपिवळीत बसलो. माणशी तीस रुपये मागतात, भरल्याशिवाय सुटत नाही. त्या गर्दीत अस्मिता कानाशी म्हणाली, "त्याले सांगू का, फोटो दाखवू नको म्हनून? फीत देऊन निंगू."

मला ते फार सोपं वाटलं. खरं सांगते, 'सांग' हा शब्द ओठावर आला होता. पण ताई वर्षभर न पाहिलेल्या माणसांना शिव्याशाप देत होती, आणि त्यातला एक माझ्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"नको," म्हटलं. "तो म्हनीन ते जसंच्या तसं सांग. आपल्या पदरचं काही घालू नको."

ताईचं घर गावाच्या टोकाला आहे. भाऊजी अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होते. त्यांनी योनासच्या पायावर पाणी घातलं, खाट टाकली. ताई दारात आली, पदर खोचलेला, आणि सरळ त्याच्या गालाकडे पाहिलं.

"यालेही मारलं वाटते," ती म्हणाली.

योनासनं दोन्ही हातांवर फीत धरून पुढे केली. तिनं घेतली नाही. "अस्मे, त्याले आधी इचार, माह्या पोराले कोनं मारलं."

अस्मितानं विचारलं. योनासनं बसल्या जागी पाठ ताठ केली आणि सगळं सांगितलं, मला वाटेत सांगितलं त्याहून जास्त. वैभवला त्यानंच तीन महिने शिकवलं. त्या दिवशी वैभवच्या शेजारी तोच उभा होता. थांबवायचा हक्क त्याचाच होता. पहिल्या फेरीनंतर वैभवचे पाय थरथरत होते ते त्याला दिसलं. त्यानं थांबवलं नाही. वार दुसऱ्या फेरीत लागला.

"भेला होता तो?" ताईनं विचारलं.

"हो म्हनते, मावशी. पन जाग्यावरून हालला नाई."

ताईनं फोटो हातात घेतला. बोटानं टाके मोजल्यासारखे केले. मग उठून योनासच्या गालावरच्या रेघेवर तेच बोट ठेवलं. "तुह्या मायनं पाह्यलं हे?"

"त्याच दिवशी," अस्मितानं सांगितलं. "रागावली म्हनते. मंग सूप करून देल्लं."

"पाह्यलं तं तिनं," ताई म्हणाली. खाली बसली. "आमच्या वैभ्यानं कोनालेच नाई दाखोलं. एकटाच सोसत बसला."

वाक्य समजलं नाही तरी योनासनं माझ्याकडे पाहिलं. अस्मितानंही पाहिलं. कोणी काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "मले दाखोलं होतं, ताई."

भाऊजींनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"किती येळा?"

"तीन येळा."

"मी तुले इचारत होती, मंदे, का त्याचा क्यामेरा काहून बंद हाये."

"हो."

"अन् तू का म्हनत होती?"

"नेटवर्क नसन म्हनत होती. त्यानं शपथ घातली होती."

"शपथ," ती म्हणाली. एवढंच. भाऊजी उठून मागच्या दारानं बाहेर गेले. मला वाटलं होतं ती ओरडेल, हाकलून देईल. ती चुलीपाशी गेली आणि भाकरी थापायला लागली.

सगळ्यांना वाढलं, मलाही. तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकरी, कांदा. योनासला तिखट लागलं तर तिनं त्याच्या ताटात गूळ ठेवला, "घे बाप्पा" म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

जेवणानंतर योनासनं विचारलं, त्यांची शेवटची एक रीत आहे, करू का. मेलेल्याच्या नावानं सगळे उभे राहून न बोलता एक पेला पितात आणि तो पेला फोडतात, पुन्हा कोणी त्यातून पिऊ नये म्हणून. त्यांच्याकडे बिअर असते, इथं पाणी चालेल. ताई आत गेली आणि वैभवच्या बारशातला, नाव कोरलेला स्टीलचा गिलास घेऊन आली.

"हा फुटत नाई," ती म्हणाली. "पन त्याचाच हाये."

योनास उभा राहिला, आम्हीही राहिलो. पाणी पिऊन त्यानं गिलास फोटोसमोर पालथा ठेवला. ताईनं फीत घेतली आणि फोटोच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरपी घातली. वर्षभरात त्या फोटोवर पहिल्यांदा काही चढलं.

निघताना तिनं योनासला दोन किलो तूरडाळ बांधून दिली. त्याची बॅग आधीच जड होती, तरी त्यानं घेतली. अस्मिताला कुंकू लावलं. मी कपाळ पुढे करून उभी होते. ताईनं करंड्याचं झाकण लावलं आणि आत गेली.

परतीची शेवटची एसटी मालेगावहून साडेचारला आहे, ती चुकवू नका. आम्हाला मिळाली. योनास दुसऱ्या दिवशी गेला. तो गेल्यावर मी त्याचं अंथरूण आवरलं, देवापुढं बसले. शपथ मोडल्याचं वाईट वाटलं नाही. ती पाळल्याचं वाटलं.

पंधरा दिवस ताईचा फोन नव्हता. वर्षश्राद्धाला बोलावणं आलं नाही, आम्ही गेलो नाही. मग एका दुपारी तिचा फोन आला. नाव नाही, कशी आहेस नाही. "पयल्या दिवशी त्यानं सदरा कोनता घातला होता?" मी म्हटलं, निळा, आपण दिवाळीला घेतला तो. तिनं फोन ठेवला. आठ दिवसांनी पुन्हा. "जेवला होता का इचारलं होतं तू?" विचारलं होतं, खिचडी केली म्हणाला. ठेवला. आता दर गुरुवारी एक प्रश्न येतो. केस वाढले होते का. हसला तेव्हा गाल दुखत होता का. तीन कॉल मिळून अर्धा तासही भरणार नाही. मी खरं तेवढंच सांगते, आणि ते संपत आलं आहे.

मागच्या गुरुवारी तिनं विचारलं, "त्याच्या मांगं भिंतीवर का होतं?"

"आठवत नाई, ताई."

या वेळी तिनं लगेच फोन ठेवला नाही. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आठव," म्हणाली, आणि फोन ठेवला.

रोज पूजा झाली की मी डोळे मिटून वैभवच्या मागची भिंत आठवायला बसते. त्याचा चेहरा येतो, टाके येतात. भिंत येत नाही.