भिंतीपलीकडचा लूम

गुरूकाकांच्या घरी कोणी आलं की ते आधी पंखा बंद करत. पाणी, चहा, ख्यालीखुशाली सगळं नंतर. काल्हेरमध्ये, ऐन मे महिन्यात, गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये पंखा बंद करणं म्हणजे पाहुण्याला हाकलण्याचाच प्रकार. निम्मे पाहुणे खरोखरच चहा अर्धा टाकून उठत. जे उरत, त्यांना काका आपला बाजा ऐकवत.

मी उरले. पण मी काही पाहुणी म्हणून गेले नव्हते, भांडायला गेले होते. बाबा आणि मी नुकतेच भिवंडी शहरातून त्यांच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. गोदामातल्या ऑफिसला सुट्टी म्हणून जरा आडवी झाले, तर छतातून एक घुमारा यायला लागला तो थांबेचना. वरच्यांनी पाण्याचा पंप चालू ठेवलाय आणि निवांत बसलेत, अशी माझी खात्री झाली. तणतणत वर जाऊन बेल दाबली. दार उघडलं ते एका भरदार गृहस्थांनी. गळ्यात जाड साखळी, मनगटात कडं, मिशीला काळाभोर कलप.

"काका, तुमचा पंप चालू राहिलाय."

"पंप न्हाय, पोरी. गाणं हाय. बस," असं म्हणून त्यांनी पंखा बंद केला.

समोर एक कीबोर्ड होता आणि थेट फरशीवर ठेवलेले दोन छोटे स्पीकर, म्हणून घुमारा खाली उतरत होता. आवाज इतका बारीक की स्वयंपाकघरात मंदाकाकी, म्हणजे त्यांची बायको, लसूण सोलत होत्या तेही ऐकू येत होतं. एक सूर होता. बराच वेळ तो एकच होता. मग लक्षात आलं की त्याच्याखाली दुसरा येऊन बसलाय आणि तो कधी आला ते आपल्याला कळलंच नाही. घामाने माझी पाठ भिजली. शेवटी न राहवून मी विचारलं, "काका, ताल कधी सुरू होणार?"

"न्हाय होणार," काका शांतपणे म्हणाले.

हे उत्तर कोणाकडून आलं ते कळल्यावर मी गारच पडले. खारबावचे गुरुनाथ म्हणजे हळदीच्या रात्री लोकांना नाचवणाऱ्या बेंजो पार्टीतला नावाजलेला कीबोर्डवाला. तालुक्यात ज्याच्या हळदीला ते नाहीत, त्या नवरदेवाचे मित्र तोंड पाडून बसत. त्यांच्या वाजवण्यावर नाचताना माझ्या सख्ख्या मावशीचा पाय मुरगळला होता आणि ती तो अभिमानाने लोकांना दाखवत फिरत होती. अशा माणसाने ताल सोडावा? पण वर्षानुवर्षं भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे उभं राहून त्यांच्या कानात शिट्टी वाजायला लागली होती. डॉक्टरांनी मोठ्या आवाजापासून लांब राहायला सांगितलं. काकांनी पार्टी मुलाच्या हाती दिली आणि घरी बसून कीबोर्डवरचे 'पॅड' नावाचे लांबलचक सूर धरून ठेवायला सुरुवात केली. "बेंजोमधी त्याला कोन इचारत न्हाय," ते म्हणत. "भातातल्या मिठासारखा असतो. मी म्हटलं, बघू या ह्याचं एकट्याचं काय होतं." आणि पुढे नेहमीचं वाक्य, "आयुष्यभर लोकांना उठवून नाचवलं. आता बसवायचं हाय. बसवनं लय कठीण."

गंमत म्हणजे हे असलं संगीत जगात आणखीही लोक करतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. याला अँबियंट म्हणतात, असं मी मोबाइलवर शोधून त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नाव हाय व्हय त्याला? मला वाटलं, मलाच काय तरी झालंय." मग मी त्यांना परदेशातलं काय काय ऐकवायला लागले. एक झालं की दुसरं, ते अर्धं झालं की तिसरं. काकांनी मोबाइल माझ्या हातातून काढून पालथा ठेवला. "लग्नात ताट भरून घेतलंस तर चव कशाची ध्यानात राहील? एकच घे. आठवडाभर तेच जेव." त्यांनी स्वतः तसंच केलं. एकच तुकडा आठवडाभर ऐकला आणि मग निकाल दिला, "चांगलं करतात. त्यांच्याकडं पंखे नसतील, म्हनून जमतं."

मी मात्र तेव्हा हे सगळं हसण्यावारी नेत होते. काकांची खरी किंमत कळली ती बाबांमुळे.

बाबा वाड्याकडच्या आतल्या खेड्यातले. तरुणपणी भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले आणि बहुतेक आयुष्य रात्रपाळीत काढलं. दिवसा झोपायचे. मालकाने कारखाना बंद केला, लूम भंगारात गेले आणि आम्ही इथे आलो. इथल्या शांततेत बाबांची झोपच उडाली. दिवसा नाही, रात्रीही नाही. जेवण तुटलं, चिडचिड वाढली. गोळ्या दिल्या तर त्यांच्या गुंगीत ते न्हाणीघरात पडले. माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप वाळत चालला होता आणि मला भीती वाटायला लागली होती. मोबाइलवर झोपेची गाणी म्हणून जे जे मिळालं ते सगळं लावून पाहिलं. पाऊस, समुद्र, बासरी, घंटा. एकदा बाबांचा डोळा लागतोय तोच मध्ये केसांच्या तेलाची जाहिरात किंचाळली. बाबा उठून बसले. म्हणाले, "ह्या बाईला कोन झोपू देत न्हाय काय?"

हे मी काकांना सांगितलं, तशी ते म्हणाले, "भाऊंना लूम पायजे. आनतो." भिवंडीत एका नातेवाइकाच्या कारखान्यात जाऊन त्यांनी चालू लूमचा आवाज मोबाइलवर भरून आणला आणि दुपारी बाबांच्या खाटेजवळ लावला. तीच खडखड, तेच धोट्याचे ठोके. बाबांचे डोळे लकाकले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि बाबा ताठ उठून बसले.

"आडवे व्हा ना, बाबा."

"लूम चालू ठेवून आडवा होऊ? धागा तुटला तर?"

आवाज संपेपर्यंत बाबा कान टवकारून तसेच बसून राहिले. संपल्यावर टॉवेलने मान पुसली आणि ड्युटी सुटल्यासारखा चहा मागितला. मी हसत सुटले. काका हसले नाहीत. त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"भाऊ, पाळी सुटल्यावर तुमी झोपायचात कुठं?"

"कारखान्याच्या मागं खोली होती. मधी एकच भिंत."

"मग लूमचा आवाज यायचा आसंल?"

"यायचा ना. पन तो दुसऱ्याचा लूम. धागा तुटला तर तो बघंल."

 काका उठता उठता म्हणाले, "मीच येडा. आधी इचारायला पायजे होतं."

त्यानंतर कितीतरी दिवस वरून तोच घुमारा येत राहिला, थोडा थोडा बदलत. मधूनच मला बोलवायचे, पंखा बंद करायचे, ऐकवायचे. "छान आहे," मी म्हणायचे. "छान वाटलं ना? मग बिघडलंय. तुझ्या ध्यानातच यायला नको," असं म्हणून परत कामाला लागायचे. ज्याच्या नुसत्या पहिल्या सुराला मांडव उठायचा, तो माणूस आपली कला कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून घाम गाळत होता. माझ्या ओळखीत कलावंत थोडेफार आहेत, पण एवढी मोठी हौस मी कोणात पाहिली नाही.

शेवटी एका दुपारी ते आणि काकी दोघं खाली आले. काकांनी पंखा बंद केला आणि स्पीकर भिंतीला लावून ठेवला. त्यात आता लूम नव्हता. खडखड नव्हती, ठोके नव्हते. एक जाड, मऊ घुमणं तेवढं होतं, वर येई आणि परत खाली जाई. "लूम न्हाय वाजवला," काका माझ्या कानात म्हणाले. "भिंत वाजवली."

बाबांनी छताकडे बघत थोडा वेळ ऐकलं. मग विचारलं, "ड्युटीवर कोन हाय?"

"मी हाय," काका म्हणाले. "तुमी झोपा."

बाबा भिंतीकडे कूस करून झोपले ते दिवेलागणीला उठले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. काकी माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि काका बाहेर घामाने निथळत बसून होते. उठले तर खुर्ची वाजेल, म्हणून उठत नव्हते.

हळूहळू बाबा माणसात आले. खालच्या टपरीपर्यंत चालत जायला लागले. मलाही एकच तुकडा आठवडाभर ऐकायची सवय लागली. बस वेळेवर आली नाही तरी मी आता चिडत नाही, निदान पूर्वीएवढी नाही. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "ऐकता ऐकता मानूस झोपला तर मला लय बरं वाटतं. नाचनारा दारू पिऊन पन नाचतो. झोपनारा भरोशावर झोपतो."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत गेले. अंत्यविधी उरकल्यावर दुपारी बाबांना घेऊन मी वर भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, त्या गर्दीच्या उकाड्याने पंखा चालू होता. बेंजोची पोरं भिंतीला टेकून खाली माना घालून बसली होती. मुलाला बापाचं काहीतरी वाजवावंसं वाटत होतं, पण हळदीची गाणी अशा घरात लावायची कशी? काकी म्हणाल्या, "त्यांचा तो बारीकवाला लाव."

त्याने लावला. कोणालाच काही ऐकू येईना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, एकाने आवाज वाढवायला हात पुढे केला. तेवढ्यात बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, बटणापाशी गेले आणि त्यांनी पंखा बंद केला.

मग आलं ऐकू. कोणी हललं नाही. बाबा येऊन भिंतीला टेकले आणि थोड्या वेळाने त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. दुःखाच्या घरी, एवढ्या माणसांत बाबा चक्क झोपले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना हलवायला गेले, तर काकींनी माझा हात धरला.

"झोपू दे भाऊंना," त्या म्हणाल्या. "हे हायत ना ड्युटीवर."