फिरती बाज

आमच्या पार्ल्याच्या घरात बसायला धड खुर्ची नव्हती, पण एक बाज होती, आणि तीही घरात क्वचितच असायची. फणसाच्या लाकडाची, सुंभाने विणलेली. आजीच्या पहिल्या बाळंतपणाला तिच्या वडिलांनी कोकणात गावच्या सुताराकडून करून घेतलेली. आजोबांना मुंबईत नोकरी लागली तेव्हा ती आजीबरोबर बोटीने इकडे आली. आजीची सगळी बाळंतपणं त्याच बाजेवर झाली. मग शेजारणीने ती मागून नेली, शेजारणीकडून तिच्या जावेने, आणि पुढे मागायची पद्धतच पडून गेली.

मला कळायला लागलं ते एकोणीसशे पन्नासनंतर. तेव्हाही बरीच बाळंतपणं घरीच होत, आणि बाळंतीण सव्वा महिना बाजेवर असे. खाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या, म्हणजे सुंभाच्या विणीतून पाठीला शेक लागतो. पलंगाच्या फळ्यांतून तो लागत नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कामापुरती बाज ठेवायला जागा कुणाला होती? म्हणून आमची फिरायची. परत आली की आजी सुंभ सोडून टाकायची, खूर आणि बाजूच्या दांड्या, म्हणजे गाते, उकळत्या पाण्याने धुवायची, उन्हात ठेवायची आणि पुन्हा विणायला बसायची. विणून होते न होते तोच कुणाचा तरी नवरा दारात उभा असायचा.

बाज गेली की मागोमाग आजी जायची. सकाळी घरचा स्वयंपाक, मग जवळच्या चाळीतल्या बिनबायकांच्या कारकुनांचे डबे, ते रवाना झाले की पदर खोचून बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला. पाय पसरून पाटावर बसायची, मूल पायांवर घ्यायची आणि कितीही रडू दे, तिच्या हाताचा वेग बदलायचा नाही. विचारायचीही नाही कुणाला. जायची, पदर खोचायची आणि पाणी मागायची. मोबदला म्हणजे बारशाला खण-नारळ. महिला मंडळाच्या बायका तिला समाजसेविका म्हणत. थोर माणसांना स्तुती आवडत नाही असं आपण ऐकतो. आमच्या आजीला आवडायची, चांगली मनापासून आवडायची, आणि ती ते लपवतही नसे. मला ती फार आवडायची. अजूनही आवडते, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला शंका येईल.

एका वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, मागच्या गल्लीतल्या पोस्टातल्या कारकुनाची बायको आमच्या बाजेवर गेली. पहिलंच मूल. बाळंतीण चांगली हसतखेळत होती, मग ताप आला, तो उतरेना. डॉक्टर येऊन गेले, पुन्हा आले, आणि बारशाच्या आधीच सगळं आटोपलं. मूल वाचलं. त्याला मावशी घेऊन गेली. बाज आमच्याकडे परत आली ती मागल्या दाराने.

आजीने नेहमीसारखी ती धुतली, विणली आणि ओटीवर उभी करून ठेवली. ती तिथेच राहिली. पार्ल्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांची एक खासियत आहे. ते असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाहीत, फक्त पाळतात. बाज बाधली असं तोंडाने एकही जण म्हणाला नाही. पण एकाएकी सगळ्यांकडे पलंग आले. कुणाच्या मेहुण्याने खाट पाठवली, कुणी सुनेला माहेरी पाठवलं, एका घरात तर बाळंतिणीने जमिनीवर सतरंजीत महिना काढला. बाजेबरोबर आजीलाही बोलावणं बंद झालं. डबे रवाना झाले की ती ओटीवर येऊन बसायची आणि समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या बायका अचानक घाईत असायच्या. तिचं खाणं कमी झालं. आईने एकदा विचारलं तर म्हणाली, "सकाळ जाता जात नाही गं."

दिवाळीनंतर आत्या आली. आजीची धाकटी लेक, कल्याणला दिलेली, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज, त्यात विचारायचं काही नव्हतं. टांग्याचे धक्के नकोत म्हणून ती स्टेशनवरून हळूहळू चालत आली, फाटकातून आत शिरली आणि ओटीवरची बाज बघून जागच्या जागी थांबली. पोस्टातल्या कारकुनाची ती गेलेली बायको तिच्या बरोबरीची होती. तिच्या डोहाळजेवणाला आत्या मुद्दाम कल्याणहून आली होती, दोघींनी एका पाटावर बसून फोटो काढला होता.

"आई, मी खाली झोपेन," आत्या म्हणाली.

"खाली ओल येते. आणि शेक कसा देऊ?"

"मग कुणाचा तरी पलंग आणू."

"घरात बाज असताना? लोक काय म्हणतील?"

माझी आई मध्ये पडली. ती एरवी सासूसमोर फारसं बोलत नसे. "आई, वन्संच्या मनाला लागून राहिलंय. एवढं नका ताणू."

"मनाचं मी बघते," आजी म्हणाली, आणि विषय संपला. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू फुलपुडी द्यायला आल्या, तेव्हा आजीने त्यांना मुद्दाम थांबवून घेतलं. आवाज चांगला चढा होता. "बघालच तुम्ही, माझी लेक याच बाजेवरून खडखडीत उठेल." आत्या आत तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं नाही, निवडायची तेवढी थांबली.

मुलगा झाला. घरी बोलावलेली नर्स चांगली होती, सगळं सुरळीत पार पडलं. आजीने स्वतःच्या हाताने आत्याला बाजेवर निजवलं, खाली शेगडी सरकवली. आत्या झोपायची नाही. डोळे मिटून पडायची, पण माझी आई जवळून गेली की तिचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावायची आणि विचारायची, "वहिनी, गरम लागतंय का गं?" आई नाही म्हणायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आईने कपाळावरचा हात काढून गळ्याला लावून बघितला.

ताप होता. फार नव्हता, पण होता. आत्या रडली नाही, ओरडलीही नाही. तिने फक्त सांगितलं, "मला खाली उतरवा." आईने लगेच सतरंजी अंथरली. आजी शेगडीपाशी बसली होती, ती उठली आणि सतरंजी गुंडाळून ठेवली.

"आई, अहो उतरवू या त्यांना," माझी आई म्हणाली. "तापाचा बाजेशी काही संबंध नाही, ते मलाही कळतं. पण त्यांना भीती वाटतेय ना!"

"आज उतरवली तर उद्या सगळ्या पार्ल्यात होईल," आजी म्हणाली.

हे ती हळू बोलली होती. पण खोली ती केवढी! आत्याने तोंड भिंतीकडे केलं. नंतर डॉक्टर आले, म्हणाले, दूध दाटल्याचा ताप आहे, पुष्कळ जणींना येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. रात्रभर आजी बाजेशेजारी बसून होती, तिचे ओठ सारखे हलत होते. घाबरली होती ती, माझ्याइतकीच, आईइतकीच. फक्त उतरवलं मात्र नाही.

बारसं असं झालं की विचारू नका. आजीने सगळी गल्ली बोलावली. बायका आल्या, बाजेच्या काठावर टेकल्या, सुंठवडा खाल्ला, बाळ-बाळंतीण कशी टवटवीत आहे म्हणाल्या. पंधरा दिवस जातात न जातात तोच एकीचा नवरा बाज मागायला आला. आत्याला घाईघाईने पलंगावर हलवावं लागलं. पलंग कुठून आला कुणास ठाऊक, पण आता तो चालत होता. पुढे जिला जिला पाठीला शेक मिळाला, जी जमिनीच्या ओलीतून वाचली, ती आजीच्या त्या हट्टामुळेच वाचली. आजीचं चुकलं असं मी कधी म्हणू शकले नाही. बरोबर होतं असंही माझ्या तोंडून निघत नाही.

आत्याच्या वागण्यात फरक पडला असं कुणालाच वाटलं नाही. सणाला यायची, हसायची, आजीच्या पाया पडायची. दुसऱ्या वेळेला मात्र तिने कळवलं की कल्याणलाच एका प्रसूतिगृहात नाव घातलंय, यायला जमणार नाही. आजी म्हणाली, दुसरं आहे, तिकडेच बरं. मग डब्यात डिंकाचे लाडू भरून आम्ही दोघी कल्याणला गेलो.

मोठी खोली, ओळीने लोखंडी खाटा, पांढरा रंग ठिकठिकाणी उडालेला. आत्या उशीला टेकून बसली होती, तोंडावर चांगला तजेला होता. कुशीत मुलगी. आजीने खाटेची दांडी हलवून बघितली, ती खडखडली.

"या खाटेवर काय काय झालं असेल देव जाणे," आजी म्हणाली.

"झालं असेल," आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "पण इथे मला कुणाला दाखवायला झोपवलेलं नाही, आई."

आजीने डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. मग पदर खोचला आणि हात पुढे करून विचारलं, "न्हाऊ घालू का हिला?"

तिला हे असं विचारताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"नर्सने घातलं मघाशीच," आत्या म्हणाली.

आजीने खोचलेला पदर सोडला आणि भेटायला आलेल्या बायका बसतात तशी स्टुलाच्या कडेला टेकून बसली.