लाल साबणाची वडी

आई गेल्याची खबर शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर आली. दुपारच्या एस.टी.नं आम्ही हिंगणीला पोचलो तेव्हा अंगण बायांनी भरलं होतं. जी ती माझ्या गळ्यात पडून एकच सांगत होती, "तुही माय लय टापटिपीची वो बाई. हात धुतल्याबिगर नातनीले कधी शिवली नाई." आणि मी मान हलवत होते. कसली आली टापटीप! त्या हात धुण्यामागचं कारण आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली एक पांढऱ्या कापडात निजली होती आणि दुसरी निर्लज्जासारखी मान हलवत होती...

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण मला नागपूरचा दवाखाना हवा होता, म्हणून बाळ झाल्यावर आईच आमच्या क्वार्टरमध्ये आली. कापूस वेचणीचे दिवस. वावर तसंच टाकून, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटं फाडतात, त्या भेगांत काळं बसतं आणि किती घासलं तरी निघत नाही. लेकराला टोचू नये म्हणून तिनं एस.टी.त बसल्या बसल्या हातांना जवसाचं तेल चोळलं होतं. हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी घरात ह्यांच्या साहेबांच्या बायको बाळ बघायला आल्या होत्या. आईनं पिशवी टेकवली आणि दोन्ही हात पसरले. बाईंची नजर त्या हातांवर गेली, आणि मी मोठी मॅट्रिक झालेली शहाणी, फणकाऱ्यानं म्हणाले, "आई, आधी हात धू. तसल्या हातांनी बाळाला घेऊ नको."

ती मोरीत गेली. परत येऊन शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही तळवे तिनं माझ्यापुढे धरले. "आता घेऊ?" काळं तसंच होतं. "अजून एकदा," मी म्हणाले. ती पुन्हा गेली. बाई निघून गेल्यावर मला वाटलं, आई ते विसरली असेल.

विसरते कसली! पुढं तेरा वर्षं माझी नीलू सुटीत हिंगणीला गेली की एस.टी.तून उतरून धावत सुटायची, आणि आई हात पाठीमागं न्यायची. "थांब वो माय, हात धुऊ दे मले." रांजणाशेजारी करवंटीत लाल साबणाची वडी असायची, ती फक्त नातीला जवळ घेण्याआधी वापरायची. एकदा न राहवून मी म्हणाले, "राहू दे ना आई आता." ती म्हणाली, "काऊन? लेकराले काई झालं म्हंजे?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते.

शेवटच्या भेटीत ती खाटेवरून उठू शकत नव्हती. नीलू जवळ बसली. आईचा हात तिच्या गालाकडे निघाला आणि मध्येच थांबला. "पानी आन वो." नीलूनं तांब्यानं पाणी घातलं, साबण लावून एकेक बोट धुतलं. मी दारात उभी होते. आई, चुकलं माझं, एवढं म्हणायला काय लागतं? पण नाहीच फुटलं तोंडातून.

तेरवीनंतर घर आवरताना करवंटी दिसली. वडी वाळून तडकली होती. नीलूनं ती उचलली आणि विचारलं, "आजीला एवढी स्वच्छतेची सवय कुणी लावली गं?" या वेळी मी मान हलवली नाही. सगळं सांगितलं, त्या 'अजून एकदा'सकट. सांगता सांगता मला रडू आवरेना, म्हणून मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले.

ती एक पाऊल मागं सरली. रांजणातून तांब्या भरला, करवंटी माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाली, "आई, आधी हात धू."

मी धुतले. दोन्ही तळवे तिच्यापुढे धरून उभी राहिले.