बेंदराचं कडवळ

मी मिरजेची, दूध रतिबानं दारात येणाऱ्या घरातली. लग्न होऊन माणच्या दुष्काळी मुलखात आले आणि गाईच्या तोंडाकडं बघून जगायला शिकले. लढाईचे दिवस होते, नवरा पलटणीत होता. बाळंतपणानंतरच्या तापात माझं दूध आटलं आणि तान्हं लेकरू घरच्या एकुलत्या गाईवर आलं.

त्या आषाढात पावसानं तोंडच दाखवलं नाही. वैरणीसाठी दाट पेरलेली ज्वारी, म्हणजे कडवळ, गुडघ्याएवढं होऊन खुरटलं. तिकडं जनावर फिरकता कामा नये, असं सासऱ्यांनी बजावलं होतं. पण बेंदूर आला, बैलांचा सण. सणाला दावणीत वाळका कडबा टाकायचा म्हणजे सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं. सासरे बैल मिरवायला वेशीकडं गेले, तसा सासूबाईंनी विळा उचलला.

"आत्याबाई, मामंजी नको म्हणाले होते ना?"

"गप गं. बैलं पोळी खात्यात, आन् ह्या गाईनं काय सणालाबी कडबाच चघळायचा? येवढ्यानं काय हुतंय?"

वैरणीत तोंड घातल्याशिवाय गाय पान्हा सोडत नसे. कडवळ टाकून सासूबाई धारेला बसल्या. चरवी अर्धी झाली आणि गाईचं चघळणं थांबलं. पाय थरथरले, तोंडाला फेस आला, धापा टाकत ती कोसळली. मी गुळाचं पाणी आणलं, पण तोवर गाय गेली होती; ते गिळणार कोण? पुढं एका गुरांच्या डॉक्टरांनी समजावलं: पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीतून पोटात विष सुटतं. हवा रक्तात पोचते, पण अंगाला ती वापरता येत नाही. भरल्या ताटावर बसून उपाशी मरावं, तसंच.

आत लेकरू भुकेनं रडायला लागलं. दुसरं दुभतं जनावर गावात शोधून सापडत नव्हतं. माझ्या हातात कोमट चरवी होती, आणि मला त्या बाईचा असा संताप आला होता की ती तिच्या अंगावर ओतावी.

"हे पाजू?" मी विचारलं.

सासूबाईंनी चरवी घेतली, निम्मं दूध घटाघटा प्यायल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"दिवं लागंपत्तोर हितंच बसती. मला काय न्हाई झालं, तर पाज त्येला."

वेशीकडून हलगी ऐकू येत होती. लेकराचा आवाज घोगरा झाला. मी दिवा लावून त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्या नीट श्वास घेत होत्या. पण माझा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता, आणि त्यांचाही स्वतःवर नसावा.

"अजून थोडं थांबू," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि बसून राहिल्या.