बैल बिचकला तर पट्टा नाही

बातमी आली ती कापसाच्या गाडीवरून. अमरावतीच्या पेठेत माल उतरवून अकोल्यावरून शेगावकडे परतणारा गाडीवान माझ्या मळ्याच्या बांधाशी थांबला अन् म्हणाला, तुमचे भाऊजी गेले. मी वांगी तोडत होतो. टोपली तिथंच टाकली, त्यालाच पुढं शेगावला त्यांच्या पोराकडे, मारोतीकडे निरोप द्यायला सांगितलं अन् अमरावतीला निघालो. पोचलो तेव्हा सारं आटोपलं होतं...

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, किसनाजी जमादार. पोलिसात शिपाई निवडायचं काम त्यांच्याकडे. कापसाला सोन्याचा भाव आलेला. जो तो शेठ आपलाच दांडगा माणूस सरकारी पट्टा बांधून पेठेत उभा करायला बघायचा. साहेब उमेदवाराची उंची मोजायचा, छाती मोजायचा. भाऊजींचं माप निराळं. ते त्याच्या घरी जायचे, त्याच्याच बैलासमोर त्याला उभं करायचे अन् हात वर कर म्हणायचे. बैलानं डोळे मिटून मान चुकवली, की पट्टा नाही. शेठ चिडायचे, साहेब हसायचा. मीही तोंडावर म्हणायचो, की बैलाले विचारून राज्य चालते काय? ते एवढंच म्हणायचे, "मुक्याले जो मारते, त्याच्या हाती गरीब माणूस कसा देऊ?" अन् खरं सांगतो, त्यांच्या शिपायानं कोण्या गाडीवानावर हात टाकल्याचं मी ऐकलं नाही.

मग त्यांचा एकुलता एक मारोती भरतीला उभा राहिला. उंच, भरल्या छातीचा, स्वभावानं गाय. ताईनं तर पुरण शिजत घातलं होतं. भाऊजींनी चार माणसांदेखत त्यालाही गोठ्यात उभं केलं. मारोतीनं हात वर केला अन् बैल बिचकला. भाऊजींनी मान हलवली, संपलं. ताईनं पदर पसरला, मी भांडलो... हेकट माणूस, ऐकतो कुठला! मारोती त्याच दिवशी घर सोडून शेगावकडे रेल्वेच्या कामावर गेला.

आता चारा घालायची पाळी भाऊजींवर आली. बैल नवाच घेतलेला. पेठेतल्या नोकरीपायी त्यांनी त्याला तोवर हातही लावला नव्हता. शिंगात अडकलेली काडी काढायला त्यांनी हात उचलला, अन् बैल तसाच बिचकला. चौकशी केली तर कळलं, कापसाचा चढा भाव गाठायच्या घाईत त्याच्या आधीच्या मालकानं, एका गाडीवानानं, त्याला झोडपून काढलं होतं. भाऊजी गोठ्यातच खाली बसले. त्या दिवशी जेवले नाहीत, असं ताई सांगते.

ते मला घेऊन शेगावला गेले. सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "मी चुकलो, बाबू. घरी चाल. साहेबाले मीच सांगतो."

मारोती घमेलं खाली ठेवून म्हणाला, "बैलानं सांगितलं तवा तुमी आयकलं, बाबा. मी तं जन्मापासून तुमच्या डोयासमोर होतो. माया तोंडाकडे पाहून तुमाले काहून नाई समजलं?"

भाऊजी मारोतीविनाच मागं फिरले. परतल्यावर त्यांनी पट्टा साहेबाच्या टेबलावर ठेवला. ज्याला आपलं पोरगं ओळखता आलं नाही, त्यानं दुसऱ्याचं काय ओळखावं, म्हणाले. मी कितीदा म्हटलं, पुन्हा एकदा जाऊ. नाही म्हणायचे. कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणायचे. माझा जीव तुटायचा हो, पण त्या माणसापुढं कोणाचं चाललं?

मारोती आला तेव्हा राखही सावडून झाली होती. बापाचं शेवटचं तोंड काही त्याला दिसलं नाही. ताई त्याला गोठ्यात घेऊन गेली. मग तिनं सांगितलं, की तू गेल्यापासून ते रोज सकाळी इथं बसत, हातानं कडब्याची एकेक कांडी चारत, कपाळावर हात ठेवू देईपर्यंत उठत नसत. मारोतीनं भीत भीत हात वर केला. बैल हलला नाही. उलट पुढं सरकून त्यानं कपाळ त्याच्या तळव्याखाली आणलं.

पोरगा बैलाच्या गळ्यात पडून रडायला लागला. "अजून एकडाव यायचं होतं न, बाबा," तो म्हणत होता, "मी आलो असतो..."